सां-क्युलोत: नाव गरिबाचं, अर्थ भरणारे दुसरेच

फ्रेंच राज्यक्रांतीवर काहीही वाचायला घ्या, एक चित्र हमखास समोर येतं. लांब ढगळ पँट, आखूड जाकीट, हातात मोठा तिरंगी झेंडा घेतलेला एक माणूस, आणि खाली लिहिलेलं असतं ‘सां-क्युलोत’, म्हणजे पॅरिसचा गरीब क्रांतिकारक. हे चित्र बोआयी नावाच्या चित्रकाराने १७९२ मध्ये काढलं आणि त्यातला माणूस मजूर किंवा सुतार नव्हता, तो शेनार नावाचा रंगभूमीवरचा गायक-नट होता. सव्हॉय प्रांत मुक्त झाला म्हणून ऑक्टोबरात उत्सव होता, त्यात झेंडा धरायला तो त्या पोशाखात उभा राहिला होता. शेनारचा क्रांतीवर विश्वास होता, त्याला ढोंगी म्हणायचं काही कारण नाही. पण गरीब क्रांतिकारकाचा चेहरा म्हणून जो चेहरा जगभर गेला तो गरिबाचा नव्हता, आणि मला वाटतं या शब्दाच्या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा हेच झालंय.

सां-क्युलोत या शब्दाने काही थोड्या वर्षांत चार रूपं घेतली. आधी टिंगल आणि शिवी, मग अभिमान, मग सरकारी पदवी, आणि शेवटी जवळपास गुन्हाच. साधारणपणे असं सांगितलं जातं की काळ बदलत गेला तसा अर्थ बदलत गेला, आणि विषय संपतो. मला हे पुरेसं वाटत नाही. अर्थ आपोआप बदलत नसतो, तो कोणीतरी बदलतो, आणि माझं म्हणणं असं आहे की या नावाखालच्या माणसांचं खरं नुकसान ती शिवी होती तेव्हा झालं नाही, ते झालं ती सन्मानाची पदवी झाली तेव्हा. कारण तेव्हाच ते नाव भुकेपासून सुटलं आणि मतांना चिकटलं.

आधी कपड्यांचं बघू. क्युलोत म्हणजे गुडघ्याखाली बटणं किंवा बकल लावून घट्ट बसवलेली विजार, तिच्याखाली रेशमी मोजे. सरदार, वकील, सावकार, एकूण बरं खाऊनपिऊन असलेला माणूस ती घालायचा. हमाल, गवंडी, लोहार, सुतार लांब पँट घालायचे कारण अंगमेहनत करताना तीच परवडते. म्हणजे सां-क्युलोत म्हणजे कपडेच नसलेला माणूस असा अर्थ नाही, बड्या लोकांची ती विजार नसलेला माणूस एवढाच. गंमत अशी की शब्द सुरुवातीला मजुरांबद्दल नव्हताच. इतिहासकार मायकेल सोनेन्शर यांनी दाखवलंय की क्रांतीच्या बऱ्याच आधीपासून हा पॅरिसच्या बड्या घरांमधल्या मैफलींतला विनोद होता. मादाम द तांसँ यांच्याबद्दल सांगतात की त्या आपल्याकडे येणाऱ्या लेखक मंडळींना नववर्षाला मखमली विजार भेट द्यायच्या, तेव्हा ज्या लेखकाला असं कोणी आश्रय देणारं नाही तो विजारीविनाचा. म्हणजे जन्मापासूनच हा शब्द वरच्यांनी खालच्याकडे बघून काढलेला. पॅरिसच्या कुठल्या सुतारवाड्यात मजुरांनी स्वतःला दिलेलं हे नाव नाही.

१७८९ नंतर तो राजकारणात आला. क्रांतीने माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला, सगळे जन्माने समान म्हटलं, आणि लगेच पुढच्या काही महिन्यांत नागरिकांचे दोन भाग केले, सक्रिय आणि निष्क्रिय. वर्षाला तीन दिवसांच्या मजुरीएवढा थेट कर भरणारा पुरुष सक्रिय, त्याला मत. बाकीचे निष्क्रिय, आणि बायका तर दोन्हीकडे मोजल्याच नाहीत. साधारण ४३ लाख पुरुष सक्रिय ठरले आणि तीसेक लाख बाहेर राहिले. बॅस्टिलवर चालून गेलेल्यांत, ऑक्टोबरात व्हर्सायला चालत जाऊन राजाला पॅरिसला आणणाऱ्या बायकांत, हेच बाहेर राहिलेले लोक होते. तर या लोकांना राजाच्या बाजूची वर्तमानपत्रं सां-क्युलोत म्हणू लागली. एक गोष्ट सांगतात की सभागृहात राजाच्या बाजूचा प्रतिनिधी आबे मोरी बोलत असताना प्रेक्षकांच्या सज्जातल्या दोन बायका आरडाओरडा करत होत्या, तेव्हा तो अध्यक्षांना म्हणाला की या दोन सां-क्युलोतना गप्प करा. खरी असो नसो, त्या शब्दाची चव त्यातून बरोबर कळते. तुमच्याकडे नीट कपडे नाहीत, तुम्ही बोलायचं नाही.

मग १७९२ आलं. एप्रिलमध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झालं, फ्रेंच सैन्य मागे हटत होतं, राजावर विश्वास उरला नव्हता आणि महागाई वाढत होती. पॅरिस शहराचे ४८ विभाग होते, त्यांना सेक्शन म्हणायचे, प्रत्येकाची स्वतःची सभा आणि स्वतःचे राष्ट्ररक्षक दलाचे लोक. २० जूनला लोक तुइलेरीच्या राजवाड्यात घुसले, लुई सोळाव्याला क्रांतीचं चिन्ह असलेली लाल टोपी घालायला लावली. जुलैअखेर एका सेक्शनने, जिथे दांताँ या क्रांतिकारक पुढाऱ्याचं वजन होतं, जाहीर केलं की आमच्या सभेत सक्रिय-निष्क्रिय भेद चालणार नाही, सगळ्यांनी यायचं. आणि १० ऑगस्टला पॅरिसच्या सेक्शन्सनी आणि बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांनी राजवाडा घेतला, राजेशाही संपली. त्यानंतर जी निवडणूक झाली तिच्यात सक्रिय-निष्क्रिय भेद काढून टाकला होता. ज्याला विजार नाही म्हणून हसले होते त्याने मत मिळवलं, आणि तोच शब्द छातीवर लावून मिरवला. मी हा सगळा इतिहास कितीही वेळा वाचला तरी इथे थांबतो कारण शिवी देणाऱ्याच्या हातातून शिवी काढून घेणं ही काय ताकद असते ते इथे दिसतं. नुसती घोषणा करून ती काढून घेतली नव्हती, मताचा हक्क आणि सभेचा दरवाजा त्याच्यासोबत घेतला होता.

याच काळात बोलण्याची रीतही बदलली, हे मराठी माणसाला लगेच समजेल. फ्रेंचमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे. सेक्शनमधल्या लोकांनी धरलं की सगळ्यांनी सगळ्यांना तू म्हणायचं, अहो-जाहो बंद, मालकाला पण तू आणि अधिकाऱ्याला पण तू. साहेब-बाईसाहेब जाऊन नागरिक आणि नागरिका आले. १७९३ च्या शेवटीशेवटी सरकारी पत्रव्यवहारातसुद्धा तू आलं. आपल्याकडे कामवाल्या मावशींना कोण अगं म्हणतं आणि त्या कोणाला अहो म्हणतात याचा विचार केला तर हे किती मोठं होतं ते कळतं.

पण याच १७९२ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या तुरुंगांत घुसून अकराशे ते चौदाशे कैद्यांना मारलं गेलं, बरेचसे साधे चोर-भुरटे होते, त्यांचा राजकारणाशी संबंध नव्हता. हे लपवून सां-क्युलोतांबद्दल लिहिणं मला बरोबर वाटत नाही. त्या महिन्यातच लंडनमध्ये गिलरे या व्यंगचित्रकाराने सां-क्युलोत कुटुंब माणसाचं मांस खात बसलंय असं चित्र छापलं आणि युरोपभर तीच प्रतिमा रुजली. हत्याकांड खरं होतं. पण त्यावरून एका अख्ख्या थराला माणूसखाऊ ठरवणं हे खोटं होतं, आणि हे खोटं पुढे तीन वर्षांनी पॅरिसमध्येच कामाला आलं.

१७९३ मध्ये एक छोटं पत्रक निघालं, सां-क्युलोत म्हणजे नक्की कोण असं विचारणाऱ्याला उत्तर म्हणून. त्याचा आशय असा की सां-क्युलोत नेहमी पायी चालतो, त्याच्याकडे लाखो रुपये नाहीत, वाडे नाहीत, नोकरचाकर नाहीत, बायकोमुलांसोबत चौथ्या-पाचव्या मजल्यावर साधा राहतो. पॅरिसमध्ये तेव्हा लिफ्ट नव्हती, जितकं वर तितकं भाडं कमी, म्हणून चौथा-पाचवा मजला. त्याला शेत नांगरता येतं, लोखंड ठोकता येतं, लाकूड कापता येतं, छप्पर घालता येतं, जोडे शिवता येतात. संध्याकाळी तो सेक्शनच्या सभेला जातो, आणि प्रजासत्ताकासाठी रक्ताचा शेवटचा थेंब देतो. वाचायला फार सुंदर आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण नीट बघितलं तर या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात. एक म्हणजे तो कसा राहतो आणि काय काम करतो. दुसरी म्हणजे तो काय मानतो आणि कुणाच्या बाजूने लढतो. जोपर्यंत या दोन गोष्टी एकाच माणसात आहेत तोपर्यंत ठीक. पण पहिली गोष्ट सोडून फक्त दुसरी धरली की कोणीही सां-क्युलोत होऊ शकतो, आणि झालंही तसंच.

सांतेर हा फोबुर सेंट-आंत्वान या कारागिरांच्या वस्तीतला मोठा बिअर बनवणारा कारखानदार. चांगला पैसेवाला. तो राष्ट्ररक्षक दलाचा सेनापती झाला, सां-क्युलोतांचा पुढारी. दुप्ले हा क्रांतिकारी सरकारचा सगळ्यात वजनदार पुढारी रोबेस्पियर याचा घरमालक, त्याला सगळे सुतार म्हणतात, पण तो बऱ्याच कामगारांचा मालक होता आणि घरभाड्यातूनच त्याला वर्षाला दहा-बारा हजार लिव्ह्र मिळायचे. अल्बेर सोबूल या इतिहासकाराने, ज्याचं सां-क्युलोतांवरचं संशोधन अजूनही पायाभूत मानतात, नोंदवलंय की दुप्ले आपल्या कामगारांना कधी आपल्या जेवणाच्या टेबलावर बसू द्यायचा नाही. मजुराला तेव्हा दिवसाला वीस ते तीस सू मिळायचे, आणि एका लिव्ह्रमध्ये वीस सू. हिशोब तुम्हीच करा.

इथे काही अभ्यासक फार पुढे जातात. त्यांचं म्हणणं की सेक्शनच्या समित्यांत बसलेले बहुतेक मालक, दुकानदार, कंत्राटदार होते, म्हणजे सां-क्युलोत हे सगळं सोंगच होतं. मला हे मान्य नाही. पॅरिसमधले बहुतेक कारखाने छोटे होते, मालक आणि कारागीर एकाच छताखाली, कधी एकाच घरात राहायचे, आणि दोघांनाही पाव विकतच घ्यावा लागायचा. साध्या काळातसुद्धा मजुराची जवळपास निम्मी कमाई पावावर जायची. चार पौंडांचा पाव साधारण आठ-नऊ सूला मिळायचा तो १७८९ च्या फेब्रुवारीत साडेचौदा सूवर गेला होता. म्हणजे ज्याला दिवसाला वीस सू मिळतात त्याच्या घरात काय शिजणार? या पावाच्या प्रश्नावर छोटा मालक आणि त्याचा कारागीर खरंच एका बाजूला होते. सोबूल यांनी म्हटलंय की सां-क्युलोत हा एक वर्ग नव्हता, ती एक आघाडी होती, आणि मला हेच योग्य वाटतं.

पण आघाडी असली की तिच्यात कोणाचा प्रश्न बोलला जातो आणि कोणाचा गिळला जातो हे बघावंच लागतं. पावाचा भाव हा सगळ्यांचा प्रश्न होता म्हणून तो बोलला गेला. मजुरी हा फक्त मजुराचा प्रश्न होता. १४ जून १७९१ ला ल शापलिए याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला होता, त्याने कामगारांनी एकत्र येऊन मजुरी ठरवणं, संप करणं बेकायदेशीर केलं. आता लक्षात घ्या, १७९३-९४ मध्ये, जेव्हा सां-क्युलोत हे नाव प्रत्येक भाषणात, प्रत्येक फलकावर होतं, जेव्हा त्या नावाने राज्य चालतंय असं सगळे म्हणत होते, तेव्हासुद्धा हा कायदा कोणी रद्द केला नाही. संपावरची बंदी फ्रान्समध्ये उठली १८६४ ला आणि कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता मिळाली १८८४ ला. माझ्या म्हणण्याला यापेक्षा मोठा पुरावा मी देऊ शकत नाही.

आणि भुकेचा प्रश्न कोणी सरळ मांडला तर काय व्हायचं तेही बघा. १७९३ च्या फेब्रुवारीत साबण आणि साखर प्रचंड महागली. कपडे धुणाऱ्या बायकांनी अर्ज दिला की साबणाविना आमचं काम बंद पडतंय, आणि पुढचे दोन दिवस पॅरिसमध्ये किराणा दुकानांत घुसून लोकांनी आपण ठरवलेल्या भावाने माल घेतला. रोबेस्पियरने यावर जे भाषण केलं त्याचा आशय असा की जनतेने उठायचं ते साखर गोळा करायला नाही, दुष्टांना लोळवायला. म्हणजे राजवाड्यावर चालून जाणारी जनता महान, आणि धुण्याच्या साबणासाठी भांडणारी जनता क्षुद्र, कदाचित फितूर सुद्धा. दिवसभर नदीवर उभं राहून लोकांचे कपडे धुणाऱ्या बाईला साबण म्हणजे तिचं पोट आहे हे त्याला कळलं नाही असं मी म्हणणार नाही, तो हुशार आणि प्रामाणिक माणूस होता, पण त्याच्या मनातला सां-क्युलोत आता एक सद्गुणी मूर्ती झाला होता आणि मूर्तीला साबण लागत नाही.

झाक रू नावाचा एक पाद्री होता, पॅरिसच्या अतिशय गरीब वस्तीतला. त्याने २५ जून १७९३ ला राष्ट्रीय सभेत उभं राहून सांगितलं की एक वर्ग दुसऱ्या वर्गाला बिनधास्त उपाशी मारू शकत असेल तर स्वातंत्र्य म्हणजे नुसता पोकळ भास आहे. नवीन घटना नुकतीच मंजूर झाली होती, सगळे आनंदात होते, आणि हा माणूस विचारत होता की या घटनेत साठेबाजांविरुद्ध काय आहे. त्याला ओरडून खाली बसवलं. सप्टेंबरात अटक केली. १७९४ च्या फेब्रुवारीत त्याने तुरुंगात स्वतःला भोसकून घेतलं. क्रांतिकारी प्रजासत्ताकवादी स्त्रियांचा क्लब पोलीन लेओं आणि क्लेर लाकोंब यांनी मे १७९३ मध्ये काढला होता, तो ऑक्टोबरअखेर बंद केला आणि त्यासोबत बायकांचे सगळेच राजकीय क्लब बंद केले. हे सगळं सां-क्युलोतांच्या नावाने चाललेल्या सरकारने केलं.

सप्टेंबर १७९३ मध्ये लोकांच्या दबावाने काही गोष्टी मिळाल्या हेही खरं. २९ तारखेला कमाल भावाचा कायदा झाला, गरजेच्या वस्तूंचे भाव बांधले गेले. सेक्शनच्या सभेला येणाऱ्या गरीब माणसाला ४० सू भत्ता ठरला, कारण सभेला जायचं म्हणजे त्याची मजुरी बुडायची, हे फार न्याय्य होतं. पण त्याच निर्णयात रोज भरणाऱ्या सभा आठवड्यातून दोनवर आणल्या. एका हाताने भत्ता दिला आणि दुसऱ्या हाताने सभा घेतली. पुढे डिसेंबरात सेक्शनच्या समित्या वरच्या सरकारी समितीला जबाबदार केल्या, म्हणजे लोकांनी निवडलेली माणसं हळूहळू सरकारी कारकून झाली. सें-ज्यूस्त, जो स्वतः त्या सरकारात होता, त्यानेच लिहून ठेवलंय की क्रांती गोठून गेलीये.

आणि नेमकं याच काळात ते नाव सगळीकडे चढत होतं. नवीन क्रांतिकारी कॅलेंडर आलं, तीस दिवसांचे बारा महिने, उरलेले पाच दिवस, लीप वर्षात सहा, त्यांना नाव दिलं सां-क्युलोतीद. सद्गुणाचा दिवस, प्रतिभेचा दिवस, श्रमाचा दिवस, मताचा दिवस, बक्षिसांचा दिवस. श्रमाला पाचातला एक. तुलाँच्या गोदीत राजाच्या काळात बांधायला घेतलेलं आणि १७९१ मध्ये पाण्यात उतरवलेलं एक अवाढव्य तीन मजली लढाऊ जहाज होतं, ११८ तोफांचं, त्याचं नाव होतं युवराज. १७९२ मध्ये ते झालं सां-क्युलोत. १७९५ मध्ये त्याचं नाव बदलून ओरियाँ केलं, त्याच जहाजावरून नेपोलियन इजिप्तला गेला आणि १ ऑगस्ट १७९८ ला अबुकीरच्या लढाईत त्याचा स्फोट होऊन ते बुडालं. क्रांतिकारक पत्रकार कामी देमुलाँ याला एप्रिल १७९४ मध्ये न्यायालयात वय विचारलं तेव्हा तो म्हणाला, तेहतीस, सां-क्युलोत येशूचं वय. येशू पण सां-क्युलोत, जहाज पण, दिवस पण. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाची मात्र सभा आठवड्यातून दोन झाली होती आणि त्याला संप करता येत नव्हता.

२३ जुलै १७९४ ला पॅरिसमध्ये मजुरीचा नवा कमाल तक्ता जाहीर झाला. भाव बांधणाऱ्या कायद्याने मजुरीही बांधली होती, आता ती अंमलात आली आणि बऱ्याच कामगारांची प्रत्यक्ष मिळणारी मजुरी चांगलीच खाली आली, काहींची जवळपास निम्मी. चारच दिवसांनी रोबेस्पियरविरुद्ध बंड झालं. त्याच्या बाजूच्या पॅरिस नगरसभेने सेक्शन्सना हाक दिली, काही सेक्शन्सचे लोक आणि तोफा नगरभवनासमोर जमल्या, रात्री उशिरापर्यंत थांबल्या आणि पांगल्या. दोन वर्षांपूर्वी राजवाडा घेणारी माणसं या वेळी लढली नाहीत, आणि रोबेस्पियर पडला. याला अनेक कारणं आहेत, हुकूम उलटसुलट येत होते, नेतृत्व गोंधळलेलं होतं, हे सगळं मान्य. पण चार दिवसांपूर्वी ज्याची मजुरी कापली तो त्याच सरकारसाठी जीव द्यायला का येईल?

त्यानंतर नावाचं चौथं रूप सुरू झालं. पैसेवाल्या घरांतली तरुण पोरं, त्यांना सोनेरी तरुण म्हणायचे, जाड काठ्या घेऊन रस्त्यावर फिरायची आणि लाल टोपीवाला दिसला की मारायची. मारा या क्रांतिकारक पत्रकाराचे पुतळे फोडले. १७९४ च्या डिसेंबरात भावाचा कायदा रद्द केला, वरून तो हिवाळा भयंकर थंडीचा, आणि वसंतापर्यंत पावाचं रेशन कधीकधी दोन औंसांवर आलं. लोक उपासमारीने मरत होते, सेन नदीत जीव देत होते. मे १७९५ मध्ये लोक पुन्हा राष्ट्रीय सभेत घुसले, टोप्यांवर खडूने लिहिलेलं, पाव आणि १७९३ ची घटना. त्या गर्दीने फेरो नावाच्या एका प्रतिनिधीला मारलं आणि त्याचं डोकं भाल्यावर नाचवलं, आणि यानंतर सरकारला काही सांगावंच लागलं नाही. सैन्याने फोबुर सेंट-आंत्वानला वेढा दिला, वस्तीची हत्यारं काढून घेतली, हजाराहून जास्त लोकांना अटक झाली. ज्यांच्यावर कारवाई झाली त्यातले बरेच जण फक्त गेल्या दोन वर्षांत सेक्शनमध्ये पुढे पुढे होते एवढ्यासाठी धरले गेले. आता त्यांना सां-क्युलोत म्हणायचं थांबलं, नवीन शब्द आले, दहशतवादी, रक्तपिपासू. बुआसी दांग्लास या प्रतिनिधीने जूनमध्ये नवीन घटना मांडताना स्पष्ट सांगितलं की मालमत्ता असलेल्यांनी चालवलेला देश हा समाज असतो आणि मालमत्ता नसलेले राज्य करतात तिथे रानटी अवस्था असते. नव्या घटनेने खरं मतदान साधारण तीस हजार खात्यापित्या निर्वाचकांच्या हातात दिलं. आणि ऑगस्ट १७९५ मध्ये सां-क्युलोतीद हे नाव कॅलेंडरमधून काढून त्या पाच दिवसांना साधं पूरक दिवस म्हणायला लागले.

इथे लोक मला सांगतात की नावाचं काय घेऊन बसलात, पाव मिळाला नाही हे मुख्य. पण पाव मागायचा तर कुठल्या तरी नावाने मागावा लागतो. १७९५ च्या मे महिन्यात उपाशी बाई रस्त्यावर आली तेव्हा तिच्यासाठी एकच नाव शिल्लक होतं, दहशतवादी, आणि ते नाव असलेल्या बाईला कोणी पाव देत नाही, तिला पकडतात. जे नाव आधी तिचं होतं त्याला दोन वर्षं सद्गुण, निष्ठा, क्रांतीचा शुद्धपणा असं सगळं चिकटवलं होतं, म्हणून ती निष्ठा बदनाम झाली त्या दिवशी तिची भूकही तिच्यासोबत बदनाम झाली. आधीच कोणी म्हटलं असतं की सां-क्युलोत म्हणजे ज्याची निम्मी मजुरी पावात जाते तो, मग तो रोबेस्पियरला मानो की न मानो, तर रोबेस्पियर पडल्यावर ती भूक एवढ्या सहज गुन्हा ठरवता आली नसती.

आपल्याकडे याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. १९६७ मध्ये नक्षलबारीतल्या भूमिहीन शेतकऱ्यांवरून नक्षलवादी हे नाव पडलं, आणि आज महाराष्ट्रात ते नाव कुणालाही लावता येतं, प्राध्यापकाला, वकिलाला, कवीला, आणि गडचिरोलीतल्या जमीन मागणाऱ्या आदिवासीचा प्रश्न त्या सगळ्या गोंगाटात कुठे आहे ते शोधावं लागतं. मी बंदुकीचं समर्थन करत नाही, गडचिरोलीत मेलेल्या पोलिसांचीही घरं आहेत आणि माओवाद्यांनी मारलेल्या आदिवासींचीही आहेत. पण एखादं नाव जमिनीपासून सुटून मताला चिकटलं की पुढे काय होतं हे पॅरिसने दाखवून दिलंय, मग ते नाव गौरवाने लावा की द्वेषाने लावा.

याच्या उलट एक उदाहरण मुंबईचं आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. १९७२ मध्ये दलित पँथर निघाली, पुढच्या वर्षी त्यांनी जाहीरनामा काढला, आणि त्यात दलित कोण याची व्याख्या दिली. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन आणि गरीब शेतकरी, स्त्रिया, आणि राजकीय, आर्थिक, धार्मिक पिळवणूक होणारे सगळे. त्यात अमुक पुढाऱ्याला मानतो तो दलित असं काही नाही. माणसाचं काय होतंय त्यावरून नाव ठरवलं, आणि ते ठरवणारी पोरं स्वतः त्याच वस्त्यांतली होती. १७९३ च्या पत्रकात बाई फक्त सां-क्युलोताची बायको म्हणून येते, इथे तिचं वेगळं नाव घेतलंय. पँथर पुढे फुटली, आणि ती फुटली तीही बऱ्याच अंशी खरा पँथर कोण, मार्क्स मानणारा की बुद्ध मानणारा, याच भांडणात, हे दुःख आहेच. पण व्याख्या टिकली. म्हणूनच २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाच्या आदेशानंतर केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सांगितलं की दलित शब्द वापरू नका, अनुसूचित जाती म्हणा, तेव्हा एवढा विरोध झाला. अनुसूचित जाती ही सरकारी यादी आहे, तिच्यात कोण घालायचं आणि कोण काढायचं ते राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने आणि संसदेच्या कायद्याने ठरतं, आणि त्या यादीत भूमिहीन शेतकरी नाही, कष्टकरी नाही, बाई नाही. तो सल्ला आजही मागे घ्यायला हवा, आणि तो मागे घेतला जाईपर्यंत मराठी वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनी पँथरचीच व्याख्या वापरावी.